'विश यू वेअर हिअर' : जुनी रेकॉर्ड धुतल्यावर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ही एलपी आता ऐकण्याजोगी झाली आहे. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, जुन्या सामानाच्या दुकानात, नाट्यसंगीत आणि कन्नड भक्तिगीतांच्या गठ्ठ्यात ती होती. "वाजतंय का न्हाई म्हाईत न्हाई, बगून घ्या," मालक म्हणाले. उजेडात तिरकी धरून पाहिली. ओरखडे वरवरचे, नखाला लागत नव्हते. धूळ मात्र ग्रूव्हमध्ये, म्हणजे सुई फिरते त्या बारीक खाचेत, घट्ट बसलेली. मूळचं काळं प्लास्टिकचं वेष्टन अर्थातच नाही, पण कव्हर शाबूत आहे. हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एकजण पेटलेला, तो जाळ खरा आहे. रॉनी रॉन्डेल या स्टंटमनने तो अंगावर घेतला होता. बारा इंची कव्हरवर त्याची धग जाणवते, मोबाइलवर नाही.

आपल्याकडचं पाणी जड. नळाच्या पाण्याने रेकॉर्ड धुतली तर वाळल्यावर क्षार राहतात. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, लेबल झाकून मऊ ब्रश ग्रूव्हच्या दिशेने गोल फिरवला आणि पुन्हा नुसत्या डिस्टिल्डने धुतली. सावलीत उभी करून वाळवली. इथल्या उन्हात विनाइल, म्हणजे एलपीचं प्लास्टिक, वाकायला वेळ लागत नाही. काहीजण पाण्यात अल्कोहोल मिसळतात. विनाइलला ते थोडं चालतं, पण घरातल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्डना कधीही लावू नका, लाख विरघळते.

पहिलं गाणं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' जवळजवळ शांततेतून उगवतं. बँडच्या रिचर्ड राइटचा सिंथेसायझर, त्याखाली काचेच्या ग्लासांच्या कडा घासून काढलेले सूर. धुण्याआधी इथे फक्त खरखर होती. आता सूर वर आहेत, टिकटिक मागे गेली आहे. जवळजवळ चार मिनिटांनी डेव्हिड गिलमोर गिटारवर ते प्रसिद्ध चार स्वर वाजवतो आणि शब्द यायला आठ मिनिटं उलटून जातात. इतकं थांबवून ठेवण्याचं धाडस मला आजही थक्क करतं. गाणं सिड बॅरेटसाठी आहे. १९६८ साली बँडबाहेर पडलेला सिड जून १९७५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत अचानक आला, तेव्हा डोकं आणि भुवया भादरलेल्या त्या माणसाला जुन्या सोबत्यांनी आधी ओळखलंच नाही.

खरी मौज दुसऱ्या बाजूला. 'हॅव अ सिगार' संपता संपता आवाज एकदम रेडिओतून आल्यासारखा बारीक होतो, स्टेशनं बदलतात, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा निघून जातो. मग 'विश यू वेअर हिअर' या गाण्याची दूरवरची गिटार. इथे रेडिओची खरखर मुद्दाम ध्वनिमुद्रित केलेली आहे, आणि घाणेरड्या रेकॉर्डवर ती आपल्या धुळीच्या खरखरीत मिसळून जाते. आता दोन्ही वेगळ्या कळतात: रेडिओची एकसंध, माझ्या रेकॉर्डची तुटक. त्यामुळे दुसरी गिटार येते तेव्हा कुणीतरी खोलीतच बसून रेडिओबरोबर वाजवतंय असं वाटतं. गिलमोरचा खोकलासुद्धा स्पष्ट ऐकू येतो. जुनी रेकॉर्ड धुण्याची सगळी मेहनत मी या जागेसाठी करतो.

रेकॉर्डचा शेवट, म्हणजे 'शाइन ऑन'चा उरलेला भाग, अजून समाधानकारक नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह सरकतो, लेबलजवळ २१ च्या आसपास. तितक्याच आवाजाला कमी जागा मिळते, आणि माझी गोल टोकाची सुई तिथले बारकावे पकडत नाही. नेमकं तिथेच, अगदी विरताना, राइट 'सी एमिली प्ले' या सिडच्या गाण्याची ओळ हळूच वाजवतो. ती सध्या पुसट येते. इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई मागवली आहे. ती बसवल्यावर आधी सुईचा रेकॉर्डवरचा भार तपासून दोन ग्रॅमच्या आत आणायचं आणि थेट हा शेवट लावायचा.