मध्यमाची मुकी पट्टी

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, म्हणून संपादक मंडळातून तिसऱ्यांदा फोन आला. मंडळात आमच्याच बॅचची एक जण आहे आणि शाळेत ती मॉनिटर होती, त्यामुळे टाळायची सोय नाही. कबड्डीच्या ढालीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी पेटीवर लिहितो. म्हणजे प्रार्थनेच्या हॉलमधल्या हार्मोनियमवर आणि ती वाजवणाऱ्या सरांवर. सरांचं नाव घालत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. निरोप समारंभात गळ्यात पडलेला हार त्यांनी लगेच काढून पेटीवर ठेवला होता, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल.

सर घाटावरचे, नगरकडचे ख्रिस्ती. आम्ही गाबतांची, भंडाऱ्यांची पोरं. त्यांचं ‘व्हय’ वेगळं आणि आमचं ‘व्हय’ वेगळं, एवढ्यावरून वर्ग हसायचा. ते चिडत नसत. म्हणायचे, ‘नारायण वामन टिळक तुमच्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म. त्यांनी आमच्या नगरला येऊन येशूची भजनं लिहिली. मी ती उधारी फेडायला आलोय.’ प्रार्थनेत आम्ही जे गायचो त्यात टिळकांची पदं असायची, म्हणून चाली परक्या वाटल्या नाहीत. माझी आजी मासळी विकून परतताना शाळेच्या गडग्याशी टोपली टेकवून ऐकायची आणि म्हणायची, ‘ह्या तर आमच्या देवळातला भजानच!’

पेटीपुढे बसण्याआधी सर चपला काढायचे. हॉलमध्ये दुसरं कुणी काढत नसे. दशावतारी कंपनी गावात आली की आधी पेटाऱ्याची पूजा होते हे आम्ही पाहिलेलं, त्यामुळे मी एकदा विचारलं, ‘सर, तुम्ही पेटीची पूजा करता?’ ते म्हणाले, ‘पेटीची कशाला? पण हिच्यावर ज्याचं नाव घ्यायचंय, ते काय बाजारात हाक मारायचं नाव आहे?’

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास घेत. सक्ती नव्हती. ख्रिस्ती मुलं पाच-सात, बाकीचे आम्ही. खोटं कशाला सांगू, सरांच्या घरून शेंगदाण्याचे लाडू यायचे. तिथेच एकदा मार्कच्या शुभवर्तमानातली वादळाची गोष्ट निघाली. संध्याकाळी मचवा लोटलेला, येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला, लाटा आत येतायत. सरांनी फळ्यावर गालीलचा समुद्र काढला आणि मापं लिहिली, लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी १३. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, ह्यो समुद्र न्हय, तळा!’ हशा पिकला. सरांनी हसू ओसरू दिलं. मग सांगितलं की ते तळं समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून जास्त खाली, भोवती डोंगर. वरचा गार वारा दऱ्यांतून एकदम खाली उतरतो आणि बघता बघता पाणी उसळतं. घाटातून उतरणारा वारा आम्हाला माहीत होता. मग कुणी हसलं नाही.

‘आता सांगा, शिष्य जास्त कधी घाबरले? वादळात की वादळ थांबल्यावर?’

सगळे ओरडलो, वादळात. सरांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, चौथा अध्याय, एक्केचाळिसावं वचन. वाचलं तर खरंच उलटं होतं. वारा पडला, पाणी निवांत झालं, आणि त्यानंतर ते फारच भ्याले, एकमेकांना विचारू लागले की वारा आणि समुद्र ज्याचं ऐकतात असा हा आहे तरी कोण. सर म्हणाले, ‘वादळातल्या भीतीला येशू भित्रेपणा म्हणतो. नंतरच्या भीतीबद्दल तो त्यांना बोल लावत नाही. मूळ ग्रीकमध्ये शब्दसुद्धा दोन वेगळे आहेत.’ आम्हाला काही पटलं नाही. ज्यांचे बाप-काका दर्यावर जातात त्यांना निवांत पाण्याची भीती कोण शिकवणार? लाडू खाऊन घरी गेलो.

आठवीत, १९८४ सालच्या डिसेंबरात, पेटीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. त्याचा मला फार तोरा. मधल्या सुट्टीत मी सिनेमातली गाणी वाजवायचो, हे निदान चारपाच वाचकांना ठाऊक आहे. एक दिवस आत काय असतं ते बघायला फळी काढली. पितळेचे छोटे तुकडे ओळीनं बसवलेले, प्रत्येकावर पातळ जीभ. पेटीवाले त्याला सूर म्हणतात. ब्लेडच्या टोकानं एक जीभ उचलून बघितली. टक् झालं. आपली पेटी साधी, एका पट्टीला एकच सूर. गेली ती पांढरी चार, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर. पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढरीला सा धरून, गायचं तर तोच मध्यम, म. मी फळी लावली, कपाट बंद केलं आणि कुणाला काही बोललो नाही.

नाताळच्या कार्यक्रमात पहिल्याच पदाला मध्यमाच्या जागी नुसती भात्याची हवा निघाली, फस्स करून. सरांनी एकदा पट्टीकडे पाहिलं. पुढच्या कडव्यापासून ती जागा आली की तेवढा सूर ते गळ्यानं भरायचे आणि लगेच पुन्हा पेटीवर यायचे. पालकांना कळलंही नसेल. मला मात्र प्रत्येक वेळी तो सूर यायच्या आधीच ऐकू यायचा.

सुट्टी संपल्यावर सांगितलं. आठ दिवस पोटात गोळा होता. सर म्हणाले, ‘त्याच दिवशी कळलं मला. किल्ली तुझ्याकडे होती.’ हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि छडीसाठी तळवा धरला. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पेटी उघडली, मला शेजारी बसवलं, सूर कसा सरकवून काढायचा, जिभेखाली कागदाची पट्टी घालून कसा पुसायचा, ते अर्धा तास दाखवलं. मग कपाट लावलं आणि किल्ली परत माझ्याच हातात ठेवली. नवा सूर कोल्हापूरहून आणायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीतच, म्हणजे जानेवारी ते एप्रिल आपण सगळ्यांनी रोज त्या मुक्या पट्टीवर प्रार्थना म्हटली. कारण दोघांनाच माहीत होतं.

तोपर्यंत मला त्या सरांची भीती वाटत नव्हती. पी.टी.च्या सरांची वाटायची, सगळ्यांनाच. त्या दिवसापासून ह्यांची वाटायला लागली. पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून कपाटात दिवा लावून ठेवायचा असे. मी रविवारीसुद्धा भिजत जाऊन बघून यायचो, दिवा चालू आहे ना. कुणी सांगितलं नव्हतं. मारलं असतं तर त्याच दिवशी हिशोब फिटला असता आणि मी मोकळा झालो असतो.

पुढे एका शुक्रवारी बायबलातलं १३० वं स्तोत्र निघालं. त्यात एक वाक्य असं आहे की देवा, तुझ्यापाशी क्षमा आहे, ती यासाठी की लोकांनी तुझं भय धरावं. आमच्या मॉनिटरबाई (होय, त्याच) म्हणाल्या, ‘सर, हे उलटं छापलंय. माफी मिळाली तर भ्यायचं कशाला?’ सरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, इतकं टाळलं की माझे कान तापले. ‘छापलंय ते बरोबर आहे,’ म्हणाले, आणि लाडवांचा डबा पुढे केला.

याच तासाला कधीतरी त्यांनी आम्हाला लिहायला लावलं होतं, चोरी का करू नये? पोलीस पकडतात, बाबा मारतात, लोक नावं ठेवतात. एकानं लिहिलं, देव वरून बघतो. त्याला वाटलं, पहिला नंबर आपलाच. सर म्हणाले, ‘हा पण पोलीसच झाला, फक्त हुद्दा मोठा.’ मग जर्मनीतल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ साली साध्या घरांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तरीबद्दल सांगितलं. दहा आज्ञांपैकी प्रत्येकीचा अर्थ सांगताना त्यात भय आणि प्रीती जोडीनं येतात. देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी, म्हणून शेजाऱ्याचं घेऊ नये, म्हणून खोटी साक्ष देऊ नये, असं. नुसतं भय कुठेच नाही, नुसती प्रीतीही नाही.

या भयाला मराठीत नेमकं काय म्हणावं, हे मी अजून शोधतो आहे. धाक नाही, धाक पी.टी.च्या सरांचा. दरारा फौजदाराचा. जवळ जातो तो ‘भीड’ हा शब्द. ज्याच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटत नाही त्याची आपल्याला भीड असते. पण भीड भिकेची बहीण, ती माणसाला गप्प बसवते. सर ज्या भयाबद्दल बोलत ते गायला लावणारं होतं. परमेश्वराचं भय धरणाऱ्यांनो, त्याची स्तुती करा, असं स्तोत्रांत एके ठिकाणी आहे, आणि दुसरीकडे तर कापत कापत आनंद करा असं. बायबलच्या भाषांतरकारांनी सरळ ‘भय’ ठेवलं. ठीकच केलं म्हणायचं.

मी देवापुढे गाऱ्हाणं घालून मागणाऱ्या घरातला, आजही आहे. सरांना आमचं गाऱ्हाणं फार आवडायचं, प्रत्येक मागण्यामागून येणाऱ्या ‘व्हय महाराजा’ची लय ते टेबलावर धरायचे. एकदा विचारलं त्यांनी, ‘मागितलेलं काहीच मिळालं नाही, तर व्हय महाराजा म्हणाल का रे?’ मला राग आला. मी म्हणालो, ‘तुमचे लोक म्हणतील?’ सर म्हणाले, ‘हाच प्रश्न सैतानानं बायबलातल्या भक्त ईयोबाबद्दल देवाला केला होता. ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो? मला विचारशील तर, माझं उत्तर रोज वेगळं येतं.’ शिक्षकानं पोरांसमोर एवढं कबूल करावं, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरची कित्येक माणसं त्यात परतली नाहीत, त्यांच्या घरांतली मुलं या शाळेत होती. माझा काका दर्यात होता. त्याचा ट्रॉलर कसाबसा देवगडच्या बंदरात शिरला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून मी पोचलो तेव्हा पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट होतं आणि काका पुळणीवर बसून त्याच्याकडे बघत होता. हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता. मी म्हटलं, काका, गेलं ना आता वादळ. तो म्हणाला, ‘वादळात भियाक येळ खंय व्हतो? भंय आता वाटता.’ त्या रात्री तो देवळात भजनाला जाऊन बसला. टाळ धरायचीही सवय नाही, ताल सगळा चुकत होता. त्याला कुणी थांबवलं नाही.

सर तेव्हा निवृत्त होऊन नगरला होते. फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, ‘मार्क चार, एक्केचाळीस,’ आणि काका जेवतो ना नीट, ते विचारलं.

गेल्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. पेटी आता ऑफिसच्या कपाटात आहे, प्रार्थनेला स्पीकर लागतो. शिपाईमामांनी उघडून दिली. भात्याला एक चीर आहे, तरी वाजते. पांढरी चार दाबली. कोल्हापूरचा तो सूर पहिल्यापासून जरा चढा लागायचा, खरवडून उतरवू कधीतरी, असं सर म्हणाले होते. ते राहूनच गेलं. अजून चढाच लागतो.