चाकात चाक: यहेज्केल वाचताना

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, रोज एक अध्याय, असं ठरवून बायबलमधलं यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच अध्यायात चार दिवस अडकलो. खबार नदीकाठी यहेज्केलला दर्शन होतं: उत्तरेकडून वादळ येतं. त्यात चार प्राणी, प्रत्येकाला चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. शेजारी चाकात चाक, आणि धावांवर डोळेच डोळे. वहीत काढून पाहिलं. यंत्र झालं, दर्शन काही झालं नाही.

मग म्हटलं, हे सगळं आतलंच धरून वाचू. इंग्रज कवी विल्यम ब्लेकने याच चौघांवरून माणसाच्या आतल्या चार शक्ती उभ्या केल्या, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनेही ही दर्शनं अंतर्मनाच्या बाजूने वाचली. मीही ऐटीत चौकट आखली. सिंह म्हणजे राग, बैल म्हणजे कष्ट, गरुड म्हणजे कल्पना, माणूस म्हणजे बुद्धी. इतकं छान जमलं की अध्याय पुन्हा वाचावासाच वाटेना. शब्दकोडं सुटलं की वर्तमानपत्र रद्दीत जातं, तसं.

वही पाळकसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, “अर्थ राहू द्या. ‘सारखं’ किती वेळा आलंय ते मोजा.”

मोजताना दमलो. अंगारासारखं, मशालींसारखं, नीलमण्याच्या सिंहासनासारखं काहीतरी, त्यावर माणसासारखं कुणी. अठ्ठाविसाव्या वचनात तर परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिमेचं नुसतं दिसणं. यहेज्केल जितका जवळ जातो तितकी त्याची भाषा मागे सरते. आणि मी गरुडाला बुद्धीच्या शेजारच्या घरात बसवून मोकळा!

मग खुद्द यहेज्केलकडे पाहिलं. तो याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित. सुरुवातीचं ‘तिसावं वर्ष’ त्याचं वय असेल, तर सेवेला उभं राहायचंच ते वय. बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तिशीच सांगितली आहे. पण ख्रिस्तपूर्व 597 च्या यहुद्यांच्या हद्दपारीत तो बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला आलेला, आणि मंदिर राहिलं यरुशलेमेत. दहाव्या अध्यायात तो ओळखतो की हे प्राणी म्हणजे करूब, देवाच्या सिंहासनापाशी असणारे पंखधारी स्वर्गीय जीव. मंदिराच्या भिंतींवर कोरलेले होते तेच. त्याला तिकडे जाता येत नाही, म्हणून सिंहासनच चाकांवर इकडे येतं. कल्पना म्हणायचं तर ती ही, घर सुटलेल्या माणसाची. हद्दपारी वगळून नुसतं ‘अंतर्मन’ वाचलं तर चाकांना जायला ठिकाणच उरत नाही.

तिसऱ्या अध्यायात तो तेल-अबीबला, खबार नदीकाठच्या हद्दपारांच्या वस्तीत, आपल्या लोकांत परततो आणि सात दिवस सुन्न बसून राहतो. हे वचन मी आधी दोनदा ओलांडून गेलो होतो. त्या आठवड्यात वहीत काही लिहिलं नाही.