एवढं मोलाचं मत, मग वैताग कसला?

सांगलीला भावाचा फोन झाला की तो विचारतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणी भेटल्या की त्या विचारतात. "अख्ख्या अमेरिकेचा अध्यक्ष तुमच्या पेनसिल्व्हेनियावर ठरतो. तुझ्या एका मताला एवढी किंमत, आणि निवडणूक आली की तू कपाळाला हात लावून बसतेस. असं का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते. मत कोणाला दिलं ते मात्र विचारू नका. ते मी घरातही सांगितलेलं नाही.

आधी त्या किमतीचं बोलू. इथे अध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. राज्याराज्यांत वाटून दिलेले ५३८ इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, त्यातले २७० ज्याच्याकडे तो जिंकला. दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे राज्य जिंकणाऱ्याला तिथले सगळेच्या सगळे इलेक्टर मिळतात. आमच्याकडे १९ आहेत. नदीपलीकडच्या न्यू जर्सीत १४ आहेत, पण १९८८ नंतर तिथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. २०१६ साली पेनसिल्व्हेनियात सुमारे ४४ हजार, विस्कॉन्सिनमध्ये २३ हजारांच्या आत आणि मिशिगनमध्ये ११ हजारांच्या आत, एवढ्या फरकावर सगळा खेळ ठरला. हरलेल्या हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती, ती अशीच राहिली. तेव्हापासून प्रचारवाल्यांनी आमचं घर पाठ केलंय. निवडणुकीच्या वर्षात आमची अवस्था अधिक महिन्यातल्या जावयासारखी होते. मानपान भरपूर, वाण भरपूर, आणि महिना सरला की पुढची काही वर्षं कोणी ओळख दाखवत नाही.

म्हणजे कौतुक वाटायला हवं, नाही का? पहिल्या खेपेला वाटलंही होतं. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरची पहिली निवडणूक. दारात आलेल्या प्रत्येक पत्रकाला मी मान देऊन वाचत होते.

२०२४च्या सप्टेंबरात सासूबाई इथे आल्या होत्या. संध्याकाळी त्यांना टीव्हीवर स्थानिक बातम्या लावून द्यायचे, इंग्रजी कळतं त्यांना. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या जाहिरातींचा सगळ्यात जास्त पैसा याच राज्यात ओतला गेला. त्यामुळे बातम्या थोड्या आणि जाहिरातीच फार. एका जाहिरातीत काळ्या-पांढऱ्या फोटोत ट्रम्प, खाली भीतीदायक संगीत. लगेच पुढच्या जाहिरातीत काळ्या-पांढऱ्या फोटोत हॅरिस, संगीत तेच म्हणावं इतकं सारखं. चार-पाच दिवस हे बघितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोघंही इतकी वाईट असतील तर यांना तिसरं कोणी मिळालं नाही का?" यापेक्षा नेमकं राजकीय भाष्य मी त्या वर्षी कुठल्याही चॅनेलवर ऐकलं नाही.

या जाहिरातींचे नियमही मजेशीर आहेत. उमेदवाराने स्वतः दिलेली जाहिरात टीव्ही केंद्राला कापता येत नाही, तिच्यात धडधडीत खोटं असलं तरी. शेवटचे ६० दिवस उमेदवाराला सगळ्यात कमी दराने वेळ द्यावा लागतो. २००२च्या कायद्यामुळे उमेदवाराला तोंडाने म्हणावं लागतं, "मी अमुक, ही जाहिरात मला मान्य आहे." अपेक्षा अशी होती की स्वतःचं नाव घ्यायचं म्हटल्यावर माणूस जरा जपून बोलेल. पण २०१०च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बाहेरच्या गटांना अमर्याद खर्चाची वाट मोकळी झाली. आता घाणेरडं काम ते गट करतात, ज्यांच्या नावात हमखास 'भविष्य' नाहीतर 'कुटुंब' असतं. त्यात दक्षिण न्यू जर्सीवाल्यांची मला खरंच दया येते. त्यांना टीव्ही फिलाडेल्फियाचाच दिसतो. जाहिराती सगळ्या पाहायच्या आणि मताला मात्र आमच्यासारखी किंमत नाही.

टीव्ही बंद करता येतो. फोनचं काय करणार? नको असलेले विक्रीचे कॉल थांबवायला सरकारी यादी आहे, तिच्यात माझा नंबर आहेही, पण राजकीय कॉल त्या यादीतून वगळलेत. आज मध्यरात्री मुदत संपते, तुमच्या देणगीत पाचपट भर पडेल, तुम्ही आम्हाला सोडून गेलात का, असले मेसेज. 'थांबा' असं उत्तर पाठवलं की एक नंबर थांबतो आणि दुसरे तीन सुरू होतात. माझं नाव-पत्ता त्यांना कुठून मिळतो? कोणी चोरत नाही हो. पेनसिल्व्हेनियाची अख्खी मतदारयादी राज्य सरकार २० डॉलरला विकतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, पक्षाची नोंद आणि आजवर कुठल्या कुठल्या निवडणुकीत मतदान केलं, हे सगळं तिच्यात. कोणाला केलं तेवढं नसतं. काही पत्रं तर "तुम्ही आणि तुमचे शेजारी किती वेळा मतदान करता" असा प्रगतिपुस्तकासारखा तक्ता पाठवतात. ही युक्ती लागू पडते म्हणूनच पाठवतात. २००६ साली मिशिगनमध्ये संशोधकांनी शेजाऱ्यांच्या नोंदी दाखवणारी पत्रं पाठवून पाहिली, तर मतदान सुमारे ३० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांच्या जवळ गेलं.

मी कुठल्याच पक्षाकडे नाव नोंदवलेलं नाही. त्यामुळे यादीत मी 'कुंपणावरची' दिसते आणि सगळे माझ्याच दारात येतात. पण गंमत बघा. उमेदवार निवडण्याच्या वेळी याच कारणासाठी मला आत घेत नाहीत. आमच्याकडे प्राथमिक फेरीत फक्त नोंदणी केलेल्या पक्षसदस्यांना मत असतं. बरं, सदस्य असते तरी काय झालं असतं? २०२४ची आमची फेरी २३ एप्रिलला, आणि दोन्ही पक्षांची उमेदवारी १२ मार्चलाच पक्की झालेली. पुढे २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि एका बाजूचा उमेदवारच बदलला. जिथे खरं काही ठरतं तिथे मी नाही. ठरून गेल्यावर मात्र माझ्यावाचून कोणाचं पान हलत नाही.

दारावर येणाऱ्यांविषयी मला राग नाही, हे आवर्जून सांगते. ती बिचारी पोरं असतात. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी न्यूयॉर्कहून बसने आलेला एक मुलगा आला होता. त्याचं स्वतःचं राज्य ठरलेलं, म्हणून आमच्या राज्यात चपला झिजवत होता. मी त्याला सरबत दिलं. त्याने हातातल्या फोनवर बघत विचारलं, आमच्या उमेदवाराला पाठिंबा एक ते पाचमध्ये किती? मी म्हटलं, आकडा नंतर सांगते, आधी माझे दोन प्रश्न घे. पहिला, विमा असूनही डॉक्टरकडे गेल्यावर आधीचे काही हजार डॉलर आमच्याच खिशातून जातात, त्याचं तुमचा उमेदवार काय करणार? दुसरा, माझा भाचा इथे नोकरी करतो, कर भरतो, पण १९९०च्या कायद्यातल्या ७ टक्क्यांच्या देशवार मर्यादेमुळे भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग हलत नाही. त्यावर कोणी बोलणार आहे का? मुलगा गोड होता, मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "मॅम, हे लिहून घ्यायला ॲपमध्ये जागाच नाहीये." शेवटी त्याने 'तीन' दाबलं आणि गेला.

माझा वैताग आहे तो हा. आवाजाचा नाही. भोंगे लावलेल्या रिक्षांच्या गावात मी वाढले, मला आवाजाचं काय! इतकी माणसं, इतका पैसा, इतकी पत्रकं माझ्या दारात येतात आणि एकालाही इथून काही ऐकून न्यायचं नसतं. आणि तेही अडाणीपणातून नाही, हिशोबाने. २०१८ साली दोन राज्यशास्त्रज्ञांनी अशा प्रचारावरचे ४९ प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत फोन, पत्रक, दारावरची भेट यांनी माणसाचं मत फिरण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मत फिरत नाही, पण आपल्या बाजूच्या माणसाला डिवचून, घाबरवून घराबाहेर काढता येतं. म्हणून सगळा भर भीतीवर. प्रश्न विचारणारी बाई या हिशोबात बसत नाही, तिच्यामुळे पुढची तीन घरं राहून जातात.

मग "राज्याचे प्रश्न" म्हणून जे येतं ते कोणाचे असतात? फ्रॅकिंग घ्या. खडक फोडून वायू काढायचा धंदा, राज्याच्या उत्तरेला आणि नैऋत्येला त्यावर अनेकांची पोटं आहेत, ते मला मान्य. २०१९ साली हॅरिस त्यावर बंदी घालू म्हणाल्या होत्या, २०२४ला फिलाडेल्फियातल्या वादचर्चेत घालणार नाही म्हणाल्या, ट्रम्प त्यावरून त्यांना झोडत होते. दोन महिने आमच्या टपालपेटीत फ्रॅकिंगच फ्रॅकिंग. आणि आम्ही राहतो डेलावेअर नदीच्या खोऱ्यात, जिथे २०२१पासून फ्रॅकिंगला बंदीच आहे! तसंच यूएस स्टीलचं. पिट्सबर्गची ती जुनी कंपनी विकत घ्यायचा करार जपानच्या निप्पॉन स्टीलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. निवडणुकीच्या वर्षात बायडेन, हॅरिस, ट्रम्प, सगळे एका सुरात विरोधात. निवडणूक संपल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी तो रोखला आणि जूनमध्ये ट्रम्प यांनी काही अटी घालून मंजूर केला. आमच्या राज्यासाठी म्हणून घेतलेली भूमिका आमची मतं मोजून होईपर्यंत तरी टिकली, एवढंच.

भाऊ म्हणतो, "तुमच्याकडे निदान पाकिटं वाटत नाहीत." खरं आहे, सांगलीचं गुणगान मीही गाणार नाही. पण त्याच्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबर २०२४ला झाली, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ला. ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली होती १५ नोव्हेंबर २०२२ला, मतदानाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. भारतात मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, माणसाला जरा श्वास घेता येतो. इथे मतदानकेंद्राच्या दारापासून दहा फूट सोडले की पत्रकं घेऊन माणसं उभी, आणि रांगेत असताना फोन थरथरतो: तुम्ही अजून मत दिलं नाहीत! आमच्या लहानपणी गल्लीतून ओरडत जायचे, "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का". पुढे शिक्का कशावर मारायचा ते सांगायचेच म्हणा. पण निदान तोंडदेखलं का होईना, विचार करा म्हणायचे.

यावर उपाय म्हणून आता मी टपालाने मत देते. मतपत्रिका पोचल्याची नोंद झाली की ती नोंदही प्रचारवाल्यांपर्यंत जाते, आणि फोन पुष्कळ कमी होतात. दोन पाकिटं असतात, आतलं गोपनीयतेचं पाकीट विसरलात तर मत बाद. तेवढं सांभाळा.

आणि त्याच मतपत्रिकेवर खाली ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, खजिनदार, राज्य विधिमंडळाचे सदस्य अशी नावं असतात. २०२४ला ऑडिटर जनरलबद्दल आमच्या घरी एकही पत्रक आलं नाही. राज्याचे हिशोब तपासणारा माणूस, मला तर त्याच्याबद्दल वाचायला आवडलं असतं. स्कूल बोर्डाची निवडणूक विषम वर्षात येते. घरावरचा सगळ्यात मोठा कर हे बोर्ड ठरवतं, आणि मतदानाला येतात मोजकी माणसं. २०२५च्या शरदात एक उमेदवार बाई स्वतः आमच्या दारात आल्या. एकट्या, हातात साधी वही. मी विचारलं, आमच्या वळणावर रस्ता ओलांडून मुलांना बस पकडावी लागते, थांबा अलीकडे का आणत नाही? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, विचारून कळवते. आठवड्याभरात ईमेल आली: थांबे बसचा ठेकेदार आणि जिल्ह्याचं वाहतूक कार्यालय मिळून ठरवतात, अर्ज या पत्त्यावर करा. मी अर्ज केला आणि त्यांना मतही दिलं. त्या पडल्या. अर्जाला उत्तर यायचंय.