अंडर-16 चा फॉर्म आणि जन्मदाखल्यातली कोरी रेघ: माझा अनुभव

माझा मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज. आम्ही सिन्नरचे, त्यामुळे शाळा सुटली की एसटीने नाशिक गाठायचं, नेट करायचं आणि रात्री परत. यंदा जिल्ह्याच्या अंडर-16 संभाव्य यादीत त्याचं नाव लागलं. ते त्याने त्याच्या बोटांच्या जोरावर मिळवलं, त्यात मी काही केलं नाही. मी धावले ती जन्मदाखल्यासाठी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

बीसीसीआयच्या अंडर-16 मध्ये आता 14 ते 16 वयाच्याच मुलांची नोंदणी होते. म्हणजे गोलंदाजाच्या हाती जेमतेम दोन हंगाम, त्यातला एक कागदापायी गेला तर राहिलं काय? आमच्याकडून मागितला तो क्यूआर कोडवाला दाखला, मुलाच्या नावासकट. आमच्याकडे होता हाताने लिहिलेला आणि नावाच्या रकान्यात आडवी रेघ. शाळाप्रवेशाला तो चालून गेला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत. नोंद लगेच झाली, बारसं नंतर. नाव पुन्हा जाऊन घालून घ्यायचं असतं, हे ना दवाखान्यात कुणी सांगितलं ना पंचायतीत.

मग सुरू झाली खरी परीक्षा. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा चार्ज. "ताई, भाऊसाहेब आज पंचायत समितीला मीटिंगला गेलेत," हे शिपायाचं उत्तर मला पाठ झालं. भाऊसाहेब भेटले तर कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी रजिस्टर निघालं. शिवण उसवलेली, पानांच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या. निळ्या शाईत माझं नाव, ह्यांचं नाव, 'पुरुष', जन्मतारीख, नोंदणीची तारीख, सगळं ठीक. बाळाचं नाव तेवढं कोरं. मी म्हटलं, आता लिहून टाका. तर म्हणाले, "एक वर्ष उलटून गेलंय, दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणा."

आम्ही तालुक्याला गेलो. तिथल्या बाईंनी कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, नोंद तर आहे ना, मग आदेश कशाचा? परत गावी. भाऊसाहेब आदेशावर अडून. इकडे फॉर्मची मुदत जवळ येत होती आणि पोरगा रोज रात्री विचारायचा, "आई, झालं का गं?"

हे नीट समजून घ्या. जन्माची नोंदच वर्षभरात झाली नसेल तर आदेश लागतो. नोंद वेळेत आहे आणि फक्त नाव राहिलंय, तर ते निबंधकालाच, म्हणजे गावात ग्रामसेवकालाच, घालता येतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 14 त्यासाठीच आहे. नियमात मुदत नोंदणीपासून 15 वर्षं. आमचा मुलगा चौदा पूर्ण केलेला! अजून टोलवाटोलवी झाली असती तर ती मुदतही हातची गेली असती. माझ्या भावाने त्या कलमाची प्रिंट काढून अर्जाला जोडली, अर्जाची पोच मागितली आणि सही-शिक्का मिळेपर्यंत बाकावरून उठला नाही. पोच मागितल्यावर काम हललं. तोंडी विचारत बसू नका.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत 589 विकेट घेतल्या आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्यापुढे भारतीय संघात तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी होते. समोर बेदी असेल तर पोराला समजावता येतं. रकान्यातली रेघ आडवी आली हे कसं समजावायचं?

नंतर जुनी नोंद ऑनलाइन चढवायची होती, त्यात सर्व्हर बंद. ती वाट पाहण्याला इलाज नाही. पण दाखला छापण्याआधी स्क्रीनवर इंग्रजी स्पेलिंग स्वतः वाचा आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा. छापल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज.

आणखी एक. नव्या दाखल्यावर दोन तारखा असतात, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. फॉर्म तपासणाऱ्याने दिल्याची तारीख पाहून "उशिरा नोंदणी" असा शेरा मारला होता. अंडर-19 ला जन्मानंतर दोन वर्षांपेक्षा उशिरा नोंद झालेल्या मुलांवर बंधनं येतात, त्यामुळे असा शेरा तसाच राहू देऊ नका. मी तिथेच बोट ठेवून नोंदणीची तारीख दाखवली आणि शेरा खोडून घेतला.

खरं वय पडताळायला घेतात ती हाडाच्या वयाची चाचणी मात्र सरळ झाली. टीडब्ल्यू-3 पद्धतीत डाव्याच हाताचा एक्स-रे काढतात, उजवा टाकणारा असो की डावा. मुलांसाठी हाडाचं वय साडेसोळाच्या आत लागतं. एक्स-रेला दुखत नाही हे पोराला आधी सांगून ठेवा, आमचा बॉलिंगचा हात म्हणून घाबरला होता.

मुलगा दहा-अकराचा असेल आणि चेंडू वळवत असेल, तर या सुट्टीतच त्याचा दाखला काढून नावाचा रकाना बघा. आजोळी जन्मला असेल तर मामाला आधी फोन करा, कारण गावातलं माणूस रोज जाऊन बसू शकतं. माझ्या भावाशिवाय हे झालं नसतं. फॉर्म मुदतीत गेला, आणि सोमवारपासून पोराचं शिबिर सुरू आहे.