गोलमटोल मराठी फॉन्ट कुठे वापरायचे

बालवाडीचा बोर्ड असो नाहीतर वाढदिवसाचा बॅनर, इंग्रजी नाव छान गुबगुबीत अक्षरात असतं आणि खाली मराठी मात्र एकदम कडक, सरकारी नोटिशीसारखं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण देवनागरीत मस्त गोल फॉन्ट आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर चक्क फुकट आहेत.

माझा सगळ्यात लाडका मोदक. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने केलाय आणि इतका जाड आहे की अक्षराच्या पोटातली जागा जवळजवळ संपलीच आहे, म्हणजे 'ब' किंवा 'क' मोठा करून बघा, आत फक्त एक बारीक पांढरी फट दिसते आणि त्या फटीवरच सगळं अक्षर वाचलं जातं. म्हणूनच मोदक मोठ्याच साइझला वापरायचा, एक शब्द, फार तर दोन. कुल्फीच्या गाडीवर 'कुल्फी', थंबनेलवर 'धमाल', बस. बारीक केला की फटी बुजतात आणि नुसता काळा गोळा उरतो.

जरा जास्त मजकूर असेल तर बलू घ्या, तोही 'एक टाइप'चाच. आधी एकाच जाडीत होता, बलू 2 मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत 5 वेट, म्हणजे 5 जाड्या मिळतात, त्यामुळे हेडिंग, सबहेडिंग, ॲपमधली बटणं सगळं एकाच घरातलं दिसतं. शिवाय बाकीच्या भारतीय लिप्यांमध्येही भावंडं आहेत, गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, तमिळमध्ये बलू तंबी (ही नावं मला फार आवडतात), म्हणजे एकच पाकीट 4 भाषांत छापायचं असेल तर डोक्याला ताप नाही.

पण गोष्टीच्या पुस्तकात आख्खं पान बलूत लावू नका हां, मुलांचे डोळे थकतात, आतल्या मजकुराला मुक्ता नावाचा साधा फॉन्ट घ्या. श्रद्धांजली, औषधाच्या सूचना, सोसायटीची नोटीस, इथे गोल अक्षर नकोच.

फॉन्ट फायनल करण्याआधी 'दऱ्या', 'कृष्ण', 'राष्ट्रीय' टाइप करून बघायचं, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' येतो का तेही बघायचं, आणि दोन ओळी असतील तर मधलं अंतर वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात आणि जाड फॉन्टमध्ये ते लगेच डोळ्यात खुपतं. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट चालू करा. आणि फ्लेक्सवाल्याला फाइल नेहमी कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, त्याच्याकडे फॉन्ट नसला तर तो दुसराच कुठला तरी टाकून छापून मोकळा होतो.