नडगीच्या आतल्या कडेने

आळंदीहून पुण्यापर्यंत माझे पायांकडे लक्ष गेले नाही. ते गेले दिवे घाटात. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपासचा, आणि घाट समोर येतो तो दुपार कलल्यावर, दिवसाची बहुतेक पावले टाकून झालेली असताना. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते आणि गुडघ्याखालचा पाय हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा भाग आहे. विच्छेदनाच्या टेबलावर तो मी अनेकदा उलगडून दाखवला आहे. तिथे एकेक स्नायू वेगळा करावा लागतो, तो कोणत्या हाडावरून सुटतो आणि कुठे जाऊन चिकटतो ते सांगावे लागते, आणि हे सगळे स्नायू मिळून एक पाऊल कसे उचलतात या मुद्द्यापर्यंत येईतो तास संपत आलेला असतो.

घाटात तो मुद्दा आधी आला. चढावर घोटा अधिक दुमडतो, पोटरी ताणली जाते आणि त्या ताणलेल्या स्थितीतूनच तिला सगळे शरीर वर उचलायचे असते. पोटरीचा बाहेरून दिसणारा फुगीर भाग म्हणजे गॅस्ट्रॉक्नेमिअस. त्याची दोन मुळे गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडावर असतात, म्हणून गुडघा वाकला की त्याचा ताण सैल पडतो. आणि थकलेला माणूस चढावर गुडघे वाकवूनच चालतो. अशा वेळी भार येतो तो त्याच्या खाली दडलेल्या, चपट्या आणि रुंद सोलिअसवर, कारण तो गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो आणि गुडघा कसाही असला तरी त्याचे काम चालूच राहते. त्यातले बहुतांश तंतू सावकाश आकुंचन पावणारे आणि उशिरा थकणारे असतात. माझ्या मते वारी चालते ती या स्नायूच्या जोरावर. माझ्या पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई चालत होती, आणि तिच्या उघड्या पोटऱ्यांवर मला तो स्नायू गॅस्ट्रॉक्नेमिअसच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येक पावलाला बाहेर डोकावताना स्पष्ट दिसत होता. तिच्याकडे पाहत मी घाट चढले. मधेच वाट अडवून फोटो काढत उभ्या राहणाऱ्यांचा मला मनस्वी राग आला. अशा चढावर एकदा थांबलेले पाऊल पुन्हा सुरू करणे किती जड जाते, हे त्यांच्या गावीही नव्हते. वळणावर मागे पाहिले तर खालपर्यंत पताकाच पताका होत्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले.

सासवडचा मुक्काम, जेजुरीचा भंडारा, वाल्हे, पहाटेचे काकडे, यांतले काय कोणत्या दिवशी झाले ते मला आता सांगता येणार नाही.

नीरेची दुपार मात्र पूर्ण आठवते. माउलींच्या पादुकांचे स्नान झाले, आम्हीही पाण्यात उतरलो, आणि दिंडी हलली तेव्हा पाय कोरडे व्हायचे होते. त्यातच पावसाची एक सर येऊन गेली. ओलसर कातडी घर्षणाला फार लवकर बळी पडते. तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मधल्या फटीत पाणी साचते. लोणंदच्या रस्त्याला लागून तासभर झाला नसेल, तोच उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, मोठा फोड उठला. ही जागा फार महत्त्वाची आहे. पाऊल जमिनीवरून सुटताना शरीराचा शेवटचा भार इथून जातो. या सांध्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडे असतात आणि त्यांच्या मधून अंगठ्याचा लांब वाकवणारा स्नायू, फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस, आपली कंडरा पुढे नेतो. तो सुरू होतो पार पोटरीत, बाहेरच्या बारीक हाडाच्या मागच्या बाजूला, आणि घोट्याच्या आतून वळून तळव्यात उतरून अंगठ्याच्या टोकापर्यंत पोहोचतो. फोडामुळे मी त्या जागेवर भार टाकणे टाळू लागले आणि पाऊल बाहेरच्या कडेवर टाकू लागले.

असे चालणे मैलभरही परवडत नाही. पाऊल आतल्या बाजूने उचलून धरायचे तर पुढून टिबिआलिस अँटिरिअर आणि मागून टिबिआलिस पोस्टिरिअर, या दोघांनाही सतत आवळलेले राहावे लागते. यातला दुसरा पोटरीतला सर्वांत खोल स्नायू आहे. दोन्ही हाडांच्या मागच्या बाजूंवरून आणि त्यांच्या मधल्या पडद्यावरून तो सुटतो, घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागून वळतो आणि तळव्यात शिरून तिथल्या बहुतेक हाडांना बोट लावतो. पावलाची आतली कमान प्रामुख्याने तोच सांभाळतो. एरवी प्रत्येक पावलानंतर त्याला क्षणभर विसावा मिळतो. त्या दुपारी तो मिळाला नाही, आणि नडगीच्या आतल्या कडेने, घोट्याच्या चार बोटे वरपासून, ठणका सुरू झाला. आमच्या दिंडीतले एक गृहस्थ दर थोड्या वेळाने मागे वळून सांगत होते, "नाव घ्या माउली, दुखणे आपोआप विसराल." मला त्या क्षणी उपदेश नको होता, आणि खरे सांगायचे तर नामही नको होते. टाळांचा आवाज कानांत खुपत होता. मी रांगेतून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली बसले.

तिथे परभणीकडच्या काही बायका आधीच बसल्या होत्या. त्यांच्यातली एक वयस्क आजी माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मग सरकत जवळ आली.

"पाय पुढं कर, माय."

"राहू द्या आजी, मी बांधते पट्टी."

"पाय माउलीचा हाये, तुझा न्हाई. दे इकडं."

तिने पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिच्या ज्योतीत सुई धरली आणि फोडाच्या मध्यावर न टोचता अगदी कडेला टोचली. हलक्या हाताने दाबून पाणी काढले. वरची कातडी तिने सोलली नाही, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "कातडं ऱ्हाऊ दे, खालचं मास उघडं पडतंय." माझ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनीही हेच केले असते; त्या जखमेला त्या कातडीइतके चांगले आच्छादन दुसरे नाही. मग तिने जुन्या लुगड्याचा एक स्वच्छ तुकडा घेतला, त्याचे एक टोक आपल्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत पकडले, दुसरे टोक हातात ओढून धरले आणि टर्रकन लांब पट्टी फाडली.

मी तिच्या पायाकडे पाहतच राहिले. अंगठा शेजारच्या बोटाकडे ओढणारा ॲडक्टर हॅल्युसिस हा तळव्याच्या चार थरांपैकी तिसऱ्या थरात असतो, एक तिरके आणि एक आडवे अशी त्याची दोन मुळे असतात, आणि विद्यार्थ्यांनी ती ओळखावीत म्हणून मी दरवर्षी आटापिटा करते. पहिला थर, दुसरा थर, चार लंब्रिकल, तीन आणि चार मिळून सात इंटरॉसिआय, हे सगळे परीक्षेपुरते पाठ होते आणि परीक्षेनंतर पुसले जाते, कारण लहानपणापासून बुटात राहिलेल्या आमच्या पायांत या स्नायूंचे स्वतंत्र काम कोणी पाहिलेलेच नसते. बोटे फाकवून दाखवा म्हटले की वर्गातल्या निम्म्या मुलांची बोटे हलत नाहीत. या आजीची बोटे पंख्यासारखी पसरत होती, प्रत्येक वेगळे, आणि अंगठा चिमटीत कापड धरून एका प्रौढ बाईच्या ओढीला पुरून उरत होता.

पट्टी बांधून झाल्यावर तिने माझा गुडघा दुमडून आपल्या मांडीवर घेतला आणि पाऊल सैल सोडायला लावले. गुडघा दुमडला की गॅस्ट्रॉक्नेमिअस सैल पडतो आणि बोटांना त्याच्या आतल्या स्नायूंपर्यंत वाट मिळते. खोल पोटरी तपासायची असली की डॉक्टर असेच करतात. तिने बोटांना खोबरेल लावले आणि टाचेकडून गुडघ्याकडे, म्हणजे नीलांमधले रक्त ज्या दिशेने जाते त्याच दिशेने, चोळायला सुरुवात केली. दुखणे कुठे आहे ते मी सांगितले नव्हते. तिचा अंगठा नडगीच्या आतल्या कडेने सावकाश वर आला आणि नेमक्या जागी थांबला.

"हितं ठणकतंय न्हवं?"

मला उत्तर देता आले नाही. हाडाच्या कडेमागे, मऊ भागात, तिने अंगठा रुतवला आणि तसाच धरून ठेवला. आधी कळ मस्तकापर्यंत गेली, मग हळूहळू ती जागा पाघळल्यासारखी झाली. एवढ्या वेळात ती माझ्याशी काही बोलली नाही. शेजारणीशी पेरणी लांबल्याचे बोलत होती. हे कुठे शिकलात, असे मी शेवटी विचारले.

"कोण शिकिवतंय? बैलाचे पाय चोळले, लेकरांचे चोळले, आता वारकऱ्यांचे चोळते."

निघताना मी तिच्या पाया पडले आणि वारीच्या रीतीप्रमाणे तीही माझ्या पाया पडली. तिच्या पावलाच्या आतल्या कडेला माझ्या बोटांखाली ॲबडक्टर हॅल्युसिस लागला, भरीव आणि घट्ट, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सलग. इतका सुदृढ स्नायू मी टेबलावर कधी पाहिला नव्हता. तिचे नाव मी विचारले नाही आणि तिने माझे विचारले नाही. दुखणे गेले नव्हते, पण पाऊल पुन्हा सपाट पडू लागले होते, आणि लोणंदला पोहोचेपर्यंत मघाशी खुपणाऱ्या त्याच टाळांच्या ठेक्यावर मी चालत होते.

चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले. जवळून गेलेल्या स्वाराचे रिकिबीतले पाऊल मला क्षणभर दिसले. आपल्या पावलाखालीही तशीच एक रिकीब असते: नडगीच्या पुढून टिबिआलिस अँटिरिअर आतल्या बाजूने उतरतो, बाहेरच्या बाजूने पेरोनिअस लाँगस उतरून तळव्याखालून आडवा जातो, आणि दोन्ही स्नायू पावलाच्या आतल्या कडेला, कमानीच्या मध्याशी, एकाच जोडीतल्या दोन हाडांवर येऊन चिकटतात. घोड्याला याची गरज नसते. तो एकाच बोटाच्या टोकावर धावतो, त्याची टाच मागच्या पायाच्या मध्यावर उंच असते आणि तिच्या खाली जवळजवळ फक्त कंडराच असतात, मांसल स्नायू नसतो. म्हणून त्याला तो वेग मिळतो, आणि म्हणून लुगडे चिमटीत धरणे त्याला शक्य नाही. माउलींचा अश्व समोरून गेला, सगळे वाकले, मीही वाकले आणि टापांखालची माती कपाळाला लावली. तेव्हा मनात शरीररचना नव्हती.

तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. राहुटीत पाणी शिरले ती रात्र यांतल्या कोणत्या तरी मुक्कामातली. हरिपाठानंतर पाठ टेकली की तळव्यातले लहान स्नायू गोळा होत आणि अंगठा खाली वळून अडकून बसे. तो हाताने वर ओढून धरला की गोळा सुटत असे. शेजारच्या राहुटीतला ध्वनिक्षेपक मध्यरात्रीपर्यंत बंद होत नसे, आणि त्याबद्दल कुणाला काही म्हणावे तर भजनाला नाव ठेवल्यासारखे होई.

फोड बसल्यावर अंगठा पुन्हा पूर्ण वळू लागला, आणि त्याने चालण्यात किती फरक पडतो ते मला फलटणच्या पुढे लक्षात आले. टाच उचलताना बोटे मागे वळतात, त्यासरशी टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पडदा ताणला जातो आणि स्नायूंना वेगळा जोर न लावता कमान वर उचलली जाऊन पाऊल ताठ होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये याचे केलेले वर्णन मी वर्गात आकृती काढून शिकवते. अंगठा वाचवत चालणाऱ्याला ही आयती मदत मिळत नाही, आणि तिची भरपाई टिबिआलिस पोस्टिरिअरला एकट्याने करावी लागते. माझ्या नडगीचा ठणका नेमका या दिवसांत ओसरला.

पंढरपुरात दर्शनबारीत चालणे संपले आणि उभे राहणे सुरू झाले, आणि ते चालण्याहून कठीण होते. सोलिअसच्या पोटात नीलांचे मोठे कप्पे असतात. प्रत्येक पावलाला स्नायू आवळला की ते पिळले जातात आणि रक्त वर ढकलले जाते. उभ्या माणसाचा तोल घोट्याच्या किंचित पुढे पडत असल्याने सोलिअस आवळलेला तर राहतो, पण आवळणे आणि सुटणे ही क्रिया थांबते, आणि रक्त पायांत साचू लागते. माझ्या पुढच्या बाईंचे घोटे सुजले होते आणि त्यांना भोवळ येत होती. बसायला जागा नव्हती. मी त्यांना माझ्या खांद्यांवर हात ठेवायला सांगितले आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर यायला, मग खाली यायला, असे पुन्हा पुन्हा करायला लावले. मागच्या मुलीने विचारले, हे कशासाठी? सांगितल्यावर तिने सुरू केले, मग तिच्या मागच्यांनी. कोणीतरी टाळ काढला आणि ठेका धरला. थोड्या वेळाने त्या बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि त्या मला म्हणाल्या, "आता तुम्ही करा, मी धरते."