डीएफडीएसच्या मागावर: कोपनहेगन, हेल्सिंगर आणि ऑस्लोची रात्रीची बोट

कोपनहेगनहून ऑस्लोला विमानाने तास-सव्वा तासात पोचता येतं आणि तिकीट कधीकधी बोटीपेक्षा स्वस्त पडतं, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नकोत. तरी मी बोटीनेच गेलो. जहाजांचं वेड आहेच, पण मुख्य कारण म्हणजे डीएफडीएस ह्या डॅनिश जहाज कंपनीच्या खुणा जिथे जिथे अजून दिसतात तिथे जायचं असं ठरवूनच ही ट्रिप आखली होती. युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे नाव डोव्हर-कॅलेच्या बोटीवर किंवा न्यूकॅसल-ॲमस्टरडॅमच्या बोटीवर वाचलेलं असतं. गंमत अशी की कंपनी डॅनिश, ऑफिस कोपनहेगनला, पण २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून डेन्मार्कच्या बंदरातून प्रवासी घेऊन निघणारी त्यांची एकही लाइन उरलेली नाही. ऑस्लोची लाइन ही शेवटची होती, तीही विकली. घेतली कुणी तर गोटलांड्सबोलागेट ह्या स्वीडिश कंपनीने, जी १८६५ सालची, म्हणजे डीएफडीएसपेक्षा एक वर्षाने जुनी! आता ही लाइन गो नॉर्डिक क्रूझलाइन ह्या नावाने चालते आणि बोटी जुन्याच आहेत, फक्त नावं बदलली.

सुरुवात कुठून करायची तर सांक्ट ॲने प्लाड्स. न्यूहाव्नला (ती रंगीबेरंगी घरांची फोटोवाली जागा) सगळे जातातच, तिथून दोन मिनिटं चाललं की हा लांबट चौक लागतो आणि तिथे टिटगेनचा पुतळा आहे. टुरिस्ट लोक ढुंकूनही बघत नाहीत. सी. एफ. टिटगेन (१८२९-१९०१) म्हणजे अचाट माणूस. अठ्ठाविसाव्या वर्षी प्रिव्हाटबँकेन ह्या बँकेचा प्रमुख झाला आणि मग दिसेल त्या धंद्यातल्या छोट्या कंपन्या एकत्र करून मोठी कंपनी काढायची हा सपाटाच लावला. साखर कारखाने, टुबोर्ग बिअर, चीन-जपानपर्यंत केबल टाकणारी ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ, सगळ्यामागे हाच. ११ डिसेंबर १८६६ ला त्याने देशातल्या मोठ्या आगबोट कंपन्या एकत्र करून 'देट फोरेनेदे दाम्पस्किब्स-सेल्स्काब' काढली, म्हणजे सरळ 'संयुक्त आगबोट कंपनी', तेच डीएफडीएस. जवळच हिरव्या घुमटाचं मार्बल चर्च आहे ते पण बघा, १७४९ ला सुरू झालेलं बांधकाम पैशाअभावी शंभरावर वर्षं अर्धवट पडून होतं, ते टिटगेनने पदरचे पैसे घालून १८९४ ला पुरं केलं. चौकाच्या पाण्याकडच्या टोकाला क्वेस्टहूसब्रोएन हा धक्का आहे, कित्येक वर्षं डीएफडीएसच्या बोटी इथूनच सुटायच्या. आता शेजारी रॉयल थिएटरची नवी नाट्यगृहाची इमारत आहे आणि लोक उन्हात पाय सोडून बसलेले असतात.

आता थोडं विषयांतर, पण हे समजलं नाही तर ह्या कंपनीचं काहीच समजत नाही. आपण फेरी म्हटलं की माणसं धरतो. माझं मत असं झालंय की डीएफडीएस ही पहिल्यापासून मालाची कंपनी, माणसं हा जोडधंदा. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्श्टाइन हे दक्षिणेचे प्रांत गमावले, मग पश्चिम किनाऱ्यावर आपलं हक्काचं बंदर पाहिजे म्हणून एस्बियर्ग हे गाव अक्षरशः वाळूतून उभं केलं, १८६८ ला कायदा आणि १८७४ ला बंदर चालू. १८७५ पासून डीएफडीएसची इंग्लंडची बोट तिथून निघायला लागली. त्याच सुमाराला अमेरिकेचं स्वस्त धान्य युरोपात येऊन आदळलं, धान्याला भाव उरला नाही, तेव्हा डॅनिश शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी तेच गाई-डुकरांना घालून लोणी आणि बेकन विकायला सुरुवात केली, सहकारी दूधसंघ काढले (१८८२ पासून, आपल्याकडच्या सहकारवाल्यांना हे नक्की आवडेल), आणि हा सगळा माल इंग्रजांच्या ब्रेकफास्टच्या टेबलावर पोचवायचं काम ह्या बोटींनी केलं. वर केबिनमध्ये साहेब लोक आणि खाली बेकनच्या पेट्या. एस्बियर्ग-हार्विच ही इंग्लंडची लाइन पुढे इतकी नावाजली, पण सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. स्वस्त विमानं आली होती, ईयूच्या आतल्या प्रवासावरचं ड्यूटी फ्री १९९९ ला गेलं होतं आणि २०१५ पासून नॉर्थ सीमध्ये कमी सल्फरचं महाग इंधन सक्तीचं होणार होतं. मालाची लाइन मात्र चालूच राहिली, आणि त्यातच सगळं आलं.

मग ऑस्लोची लाइन एवढी कशी टिकली? तर नॉर्वे ईयूमध्ये नाही. म्हणून बोटीवर टॅक्स फ्री दुकान अजून चालतं, आणि नॉर्वेत दारूचे भाव असे आहेत की लोक निव्वळ खरेदीसाठी बोटीत बसतात, कोपनहेगनला काही तास उतरून परत त्याच बोटीने घरी. हे विनोदाने सांगत नाहीये, रांगेत ट्रॉल्या घेऊन उभे असलेले आजी-आजोबा बघाल तेव्हा पटेल.

बोटीच्या आदल्या दिवशी हेल्सिंगरला जाऊन या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कोपनहेगनहून लोकल ट्रेनने पाऊण तास. सगळे क्रोनबोर्ग किल्ला बघायला जातात, हॅम्लेटचा म्हणून, पण किल्ल्याच्या अलीकडेच जमिनीच्या खाली डेन्मार्कचं सागरी म्युझियम आहे, २०१३ ला उघडलेलं. हे जुन्या सुक्या गोदीच्या भोवती बांधलंय. गोदी तशीच रिकामी ठेवलीये, तिच्या भिंतींच्या पलीकडे दालनं आणि मधून तिरके पूल. वरून चालत गेलात तर कळणारही नाही की खाली काही आहे. ही गोदी हेल्सिंगर शिपयार्डची, तो १९८३ ला बंद पडला, पण डीएफडीएसच्या कितीतरी बोटी इथेच बांधल्या. खाली उतरून त्या काँक्रीटच्या भिंतीला हात लावला तर जागोजागी खपल्या, गंजाचे ओघळ, वर काठाला दोर घासून पडलेल्या खाचा.

इथेच बांधलेल्या 'क्रोनप्रिन्स फ्रेडरिक' ह्या बोटीची गोष्ट सांगायलाच हवी. १९४१ ला तयार झाली तेव्हा देशावर जर्मनांचा ताबा, म्हणून युद्धभर नुसती बांधून ठेवली, हार्विचला धावायला लागली १९४६ ला. एप्रिल १९५३ मध्ये हार्विचच्या धक्क्यालाच आग लागली, विझवायला एवढं पाणी मारलं की बोट त्या पाण्याच्या वजनाने कलंडली. तिला उचललं, ओढत परत हेल्सिंगरला आणलं, दुरुस्त केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामाला लावलं. मग १९७६ ला विकली, 'पात्रा' नावाने तांबड्या समुद्रात हजच्या यात्रेकरूंची ने-आण करू लागली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा आग लागून बुडाली, शंभराच्या आसपास माणसं गेली.

ह्या कंपनीच्या इतिहासात असे काळे दिवस बरेच आहेत. २८ जून १९०४ ला न्यूयॉर्कला निघालेली 'नॉर्गे' स्कॉटलंडच्या पश्चिमेला रॉकॉलच्या खडकाजवळ आपटून बुडाली, ६३५ माणसं, बहुतेक अमेरिकेत नशीब काढायला निघालेली गरीब कुटुंबं. टायटॅनिक होईपर्यंत अटलांटिकमधला प्रवासी बोटीचा सगळ्यात मोठा अपघात हाच होता, पण नाव कुणाला माहीत नसतं. आणि ११ जून १९४८, युद्ध संपून तीन वर्षं झाली होती, कोपनहेगनहून आल्बोर्गला रात्री निघालेली 'क्योबेनहाव्न' समुद्रात उरलेल्या सुरुंगावर गेली, ४८ जण गेले. ही देशातल्या देशातली रोजची बोट, आपल्या रातराणीसारखी, लोक झोपलेले होते.

बोटीचा दिवस. एस-टॉगने (कोपनहेगनची लोकल) नॉर्डहाव्न स्टेशनला उतरा, तिथून धक्क्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालत, बॅगा चाकांच्या असतील तर सहज. वाटेत अमेरिका प्लाड्स लागतं. डीएफडीएसच्या अमेरिकेच्या बोटी ह्याच भागातून सुटायच्या म्हणून हे नाव, ती न्यूयॉर्कची लाइन १९३५ ला बंद झाली. आता तिथे काचेच्या बिल्डिंगी आणि कॉफीची दुकानं. सुटायच्या तासभर आधी तरी पोचा, पासपोर्ट हातात ठेवा. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, पण भारतीय पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवावं, फोटोकॉपीवर भागेल असं समजू नका.

मला जाताना मिळाली 'नॉर्डिक पर्ल'. हिचा बायोडेटा बघण्यासारखा आहे. १९८९ ला फिनलंडमध्ये तुर्कूला 'अथेना' म्हणून बांधली, स्टॉकहोमच्या क्रूझसाठी, १९९३ ला मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, मग थेट आग्नेय आशियात स्टार क्रूझेसकडे 'स्टार ॲक्वेरियस', आणि २००१ ला डीएफडीएसकडे 'पर्ल ऑफ स्कँडिनेव्हिया'. २०१० ला डीएफडीएसने नॉर्फोकलाइन ही दुसरी फेरी कंपनी विकत घेतली, त्यानंतर सगळ्या बोटींना एकच आडनाव दिलं, तेव्हा ही 'पर्ल सीवेज' (Seaways) झाली. त्याच २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हिच्या कार डेकवर चार्जिंगला लावलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीला आग लागली होती, स्प्रिंकलरने आणि खलाशांनी आटोक्यात आणली, जीवितहानी नाही. त्यामुळे ई-गाडी घेऊन जाणार असाल तर बोटीवर चार्जिंग मिळेल असं गृहीत धरू नका, गाडी आधीच चार्ज करून न्या. दुसरी बोट 'नॉर्डिक क्राउन', १९९४ ची, क्रोएशियात स्प्लिटला बांधलेली.

टीप: दोन बोटी आलटून पालटून धावतात. ऑस्लोला उतरून त्याच दिवशी परत फिरलात तर तीच बोट मिळते, एक रात्र ऑस्लोत काढलीत तर दुसरी. जहाजवेड्यांनी रात्र काढावीच, निदान त्या निमित्ताने ऑस्लो बघून होईल, नाहीतर चार-पाच तासांत ऑपेरा हाऊस आणि किल्ला एवढंच होतं.

केबिन कुठली घ्यावी? बिनखिडकीची स्वस्त पडते आणि झोपायला तीच बरी, अंधार मिट्ट. उन्हाळ्यात खिडकीच्या केबिनमध्ये पहाटे चारला ऊन डोळ्यावर येतं. बोट लागण्याचा त्रास असेल तर बोटीच्या मध्याजवळची आणि खालच्या मजल्यावरची मागा. ओरेसुंडमध्ये (डेन्मार्क-स्वीडनमधली सामुद्रधुनी) पाणी शांत असतं, पण मध्यरात्रीनंतर डेन्मार्क आणि नॉर्वेच्या मधल्या स्केगरॅकमध्ये मोकळा समुद्र लागतो आणि वारा असेल तर चांगलीच हलते, ॲव्होमिन घ्यायची तर हलायला लागल्यावर नाही, आधीच घ्या. शुक्रवार-शनिवार शक्यतो टाळा, बॅचलर पार्टीवाल्यांची पहाटेपर्यंत धमाल चालते. बफे आधी बुक केला तर स्वस्त. शाकाहारी मंडळींचं ब्रेड, चीज, बटाटे, सॅलड ह्यावर भागतं, पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवाच, उघड्या डेकवर वाऱ्यात बसून खायला जी मजा येते ती त्या डायनिंग हॉलमध्ये नाही. डेकवर जुलैमध्येसुद्धा विंडचीटर लागतो.

कुठे उभं राहायचं तेही सांगतो. बोट सुटल्यावर दीड-दोन तासांत हेल्सिंगर येतं, डावीकडे उभे राहा, इथे समुद्र जेमतेम ४ किलोमीटर रुंद आहे, डावीकडे क्रोनबोर्ग आणि उजवीकडे स्वीडन. मधून स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या फेरीबोटी आडव्या जातात, त्यातल्या 'टीको ब्राहे' आणि 'ऑरोरा' बॅटरीवर चालतात, धक्क्याला लागल्या की रोबोटचा हात येऊन चार्जिंग लावतो. जेवणाची वेळ नेमकी ह्याच सुमाराला घेऊ नका. रात्री बोट डेन्मार्कमधल्याच फ्रेडरिक्सहाव्न बंदराला थांबते, तेव्हा गाड्यांचा आणि रॅम्पचा खडखडाट होतो, जाग आलीच तर घाबरू नका.

सकाळी मात्र गजर लावून उठायचंच. ऑस्लो फ्योर्ड (समुद्राचा जमिनीत लांबवर शिरलेला फाटा) सुरू झाला की दोन्ही बाजूंना झाडी आणि लाल-पांढरी लाकडी घरं, ड्रोबाकला फ्योर्ड एकदम अरुंद होतो. उजवीकडे गाव आणि डावीकडे बेटावर ओस्कार्सबोर्ग किल्ला. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे ह्याच किल्ल्यावरच्या जुनाट तोफांनी आणि पाणतीरांनी जर्मनांची नवीकोरी क्रूझर 'ब्ल्यूशर' बुडवली आणि तेवढ्या वेळात नॉर्वेचा राजा आणि सरकार ऑस्लोतून निसटलं. ती अजून तिथेच तळाशी आहे, आपण जवळून जातो. डेकवर तेव्हा फार कुणी नसतं, सगळे ब्रेकफास्टला, त्यामुळे रेलिंगला हवी ती जागा मिळते. ब्रेकफास्ट एकतर अगदी आधी उरका किंवा सरळ शहरात करा.

बोट अकेर्सहुस किल्ल्याच्या पायथ्याशी लागते, टॅक्सी अजिबात करू नका, पाण्याच्या कडेने चालत पंधरा-वीस मिनिटांत सेंट्रल स्टेशन. दारूच्या मर्यादा नॉर्वेचं कस्टम्स खरंच तपासतं, हिरव्या आणि लाल दरवाजातला फरक लक्षात ठेवा. पैसे दोन्हीकडे क्रोन, पण डॅनिश वेगळे आणि नॉर्वेजियन वेगळे, कार्डच वापरा. आणि वेळापत्रक बुकिंगच्या आधी पुन्हा बघा, हिवाळ्यात बोटी दुरुस्तीला गोदीत जातात तेव्हा काही फेऱ्या रद्द असतात.